बलून, आगगाडी, विमान यांच्या स्मृतीचे दागिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणूस पहिल्यांदा हवेत गेला, रुळांनी दोन महासागरांचे किनारे जोडले, विमान अटलांटिक ओलांडून गेले. अशा प्रत्येक वेळी लोकांनी त्या घटनेची बटणे, ब्रोच, पदके, अंगठ्या घडवून अंगावर मिरवल्या. असे दागिने विकत घेणारे, घरातल्या पेटीत सापडलेला नग ओळखू पाहणारे आणि नवा घडवून घेऊ इच्छिणारे यांच्या नेहमीच्या शंकांची उत्तरे इथे आहेत. आमचा आग्रह एकच : नग हातात आला की आधी तो उलटा करा. दर्शनी बाजू मिरवण्यासाठी असते. वय, दुरुस्ती आणि लबाडी पाठीवर दिसते.

या प्रकारात नेमके काय काय येते?

सुरुवात बलूनपासून धरावी. ४ जून १७८३ ला फ्रान्समधल्या आनोने इथे मोंगोल्फिए बंधूंचे बलून उडाले, १९ सप्टेंबरला व्हर्सायमध्ये मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले आणि २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दारलांद ही दोन माणसे उडाली. मग फ्रान्समध्ये बलूनचे वेडच लागले : कोटाची बटणे, पंखे, तपकिरीच्या डब्या, कानातली, सगळ्यांवर बलून. पुढे १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली तेव्हाची पदके येतात. त्यातली काही भोक पाडून किंवा कडी लावून गळ्यात घातलेली दिसतात. नंतर झेपेलिन या हवाई जहाजांच्या स्मृतिवस्तू, १९२७ मधल्या वैमानिक लिंडबर्गच्या न्यूयॉर्क-पॅरिस उड्डाणाच्या पिना, दोन्ही महायुद्धांतले वैमानिकांच्या पंखांचे ब्रोच आणि अगदी अलीकडे काँकॉर्ड विमानाच्या सुट्या भागांपासून केलेली कफलिंक्स.

अमेरिकेतल्या सोन्याच्या खिळ्यातून अंगठ्या घडवल्या होत्या, हे खरे का?

खरे आहे. १० मे १८६९ ला युटा प्रदेशातल्या प्रॉमंटरी समिट इथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले. त्या समारंभासाठी सॅन फ्रान्सिस्कोचे डेव्हिड ह्यूज यांनी सोन्याचा खिळा करून घेतला. लांबी साधारण १४.३ सेंमी, वजन १४.०३ ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे ४३६ ग्रॅम किंवा आपल्या हिशेबाने ३७ तोळ्यांच्या वर. सोने १७.६ कॅरेटचे, म्हणजे हजारात ७३३ भाग शुद्ध. ओतकामात साच्याच्या तोंडाशी जे जास्तीचे सोने राहते, ते या खिळ्याच्या टोकाला मुद्दाम तसेच ठेवले होते. समारंभानंतर ते तोडून त्याच्या अंगठ्या आणि घड्याळाच्या साखळीला अडकवायचे चिमुकले खिळे घडवले गेले.

खिळ्यावर रेल्वे पूर्ण झाल्याची तारीख ८ मे कोरलेली आहे. समारंभ दोन दिवस लांबला आणि कोरीवकाम आधीच झाले होते. त्यामुळे खिळ्याच्या लहान प्रतिकृतीवर ८ मे दिसली म्हणून ती खोटी ठरत नाही आणि १० मे दिसली म्हणून खरीही ठरत नाही. मूळ खिळा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कँटर कला केंद्रात आहे. त्याच सोन्याची म्हणून कोणी अंगठी दाखवली, तर आधी मालकीची साखळी कागदावर मागा. कस ७३३ च्या आसपास लागला तर दावा फक्त फेटाळला जात नाही, एवढेच.

फाबेर्जेच्या अंड्यातली आगगाडी चालते का?

ती किल्लीवर चालेल अशीच घडवली होती. सायबेरियाच्या महारेल्वेचे काम १८९१ मध्ये सुरू झाले. तिच्या स्मरणार्थ १९०० च्या ईस्टरला झार निकोलस दुसरा याने महाराणी अलेक्झांड्राला जवाहिऱ्या फाबेर्जेकडून घडवलेले हे अंडे दिले. अंड्याभोवतीच्या चांदीच्या पट्ट्यावर रेल्वेमार्गाचा नकाशा कोरला आहे. आत सोने आणि प्लॅटिनमचे इंजिन व पाच डबे आहेत, तेही घडी होऊन मावतील असे, आणि जोडीला सोन्याची किल्ली. इंजिनाच्या दिव्यांना हिरे आणि माणिक आहेत. बायकांचा डबा, धूम्रपानाचा डबा, शेवटी प्रार्थनेचा डबा, अशा खुणा डब्यांवर बारीक अक्षरांत आहेत. हे काम आज मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या शस्त्रागार संग्रहालयात आहे.

या नावाने बाजारात येणाऱ्या लहान अंड्यांच्या लोलकांबाबत सावध राहा. त्या काळच्या रशियन सोन्यावर ५६ आणि चांदीवर ८४ असा आकडा असतो. तो झोलोत्निक या जुन्या रशियन मापाचा हिशेब आहे : ९६ पैकी ५६ म्हणजे ५८३, ९६ पैकी ८४ म्हणजे ८७५. नगावर फाबेर्जेचे नाव आणि शेजारी ९२५ असेल, तर तो झारच्या काळातला नाही.

१८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या स्मृतीचा बिल्ला किंवा लोलक विकायला आला आहे. काय पाहावे?

मजकूर आणि चित्र इतिहासाशी ताडून पाहा. १६ एप्रिल १८५३ ला गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीची, म्हणजे जीआयपीची. नगावर ‘इंडियन रेल्वेज’ असेल तर तो त्या काळातला नव्हे. ‘सेंट्रल रेल्वे’ असेल तर १९५१ नंतरचा. घुमटाची व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत कोरली असेल, तर ती १८७८ मध्ये बांधायला घेतली आणि तिला ते नाव १८८७ मध्ये मिळाले, हे ध्यानात ठेवा. ‘मुंबई’ हे रोमन लिपीतले अधिकृत रूप १९९५ पासूनचे. इंजिनाचे चित्र असेल तर चाके मोजा. जीआयपीची पहिली इंजिने व्हल्कन फाउंड्रीची होती : पुढे लहान चाकांची एक जोडी, मागे मोठ्या चाकांच्या दोन जोड्या. म्हणजे एका बाजूने तीन चाके दिसायला हवीत. नंतरच्या काळातले लांबलचक इंजिन कोरून खाली १८५३ लिहिलेला नग स्मृतीचा असेल, पण त्या वर्षीचा नाही. उत्सवी वर्षांत असे नग नव्याने घडवले जातात. ‘नवा’ म्हणून योग्य भावात विकला, तर त्यात गैर काही नाही.

जीआयपीच्या गणवेशाची पितळी बटणे मात्र खरी मिळतात आणि त्यांची कफलिंक्स छान होतात. पाठीवर बहुधा इंग्लंडमधल्या कारखान्याचे नाव असते. बटणाची मूळ कडी कापू नका. ती जशीच्या तशी ठेवून तिच्यातून साखळीची कडी ओवून घ्या, म्हणजे कधीही पूर्ववत करता येते.

पाठीवरून वय कसे ओळखायचे?

ब्रोचची टाचणी आणि तिची पकड आधी पाहा. इंग्रजी सी अक्षरासारखा साधा आकडा, ज्यात टाचणी नुसती अडकते, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सर्रास होता. जुन्या नगांत टाचणीचे टोक अनेकदा कडेच्या बाहेर आलेले दिसते. फिरवून बंद होणारी पकड त्यानंतर रुळली. कोटाच्या पिनेला मागून दाबून बसवायचा बटरफ्लाय क्लच दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनचा. तेव्हा १९२७ च्या लिंडबर्ग पिनेला तो दिसला, तर एकतर पिन नंतरची आहे किंवा मागचा भाग बदलला आहे.

दोन्हींतला फरक डागावरून, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडावरून कळतो. मूळ डाग पातळ, धातूच्या रंगाचा आणि काठाशी एकजीव असतो. दुरुस्तीचा डाग करडा, फुगीर, शेजारी जुन्या पकडीचा फिकट ठसा. १० पट भिंगाखाली, बाजूने तिरपा उजेड टाकून पाहिले की हे स्पष्ट दिसते. समोरून उजेड टाकला तर चकाकीत सगळे बुजते.

छाप नसेल तर नग खोटा समजायचा का?

नाही. ब्रिटनच्या १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यात ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला आणि १ ग्रॅमपेक्षा हलक्या सोन्याला छापाची सक्ती नाही. त्याआधीही लहान नगांना सवलती होत्या. जिथे छाप आहे तिथे मात्र तो पूर्ण वाचा : चालता सिंह म्हणजे ९२५ ची, म्हणजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, शिवाय वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. जर्मन चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर आणि मुकुट, सोबत बहुधा ८००. फ्रेंच १८ कॅरेटवर गरुडाचे डोके. छाप ठोकलेला असेल तर अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि पातळ पत्र्यावर उलट बाजूला किंचित उठाव येतो. छाप साच्यातूनच आला असेल तर कडा गोलसर आणि तळ खरखरीत दिसतो. तो नग दुसऱ्या नगावरून साचा काढून ओतला आहे, हे जवळपास नक्की.

घरच्या घरी धातू ओळखता येतो का?

घनतेवरून बऱ्यापैकी येतो, आणि नगाला ओरखडाही पडत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

कोरड्या नगाचे वजन घ्या. मग पाण्याचा लहान पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नग बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडांना टेकू देऊ नका. दोरा हातात धरण्यापेक्षा वर आडवी काठी ठेवून तिला बांधा. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा.

समजा, पंखांचा ब्रोच ४.२० ग्रॅम आहे आणि बुडवल्यावर काटा ०.४१ दाखवतो. उत्तर १०.२४. स्टर्लिंग चांदी १०.३६ च्या जवळ असते, पितळ साधारण ८.५, कथील ७.३, टायटॅनियम ४.५, ॲल्युमिनियम २.७, १४ कॅरेट सोने १३ च्या आसपास, १८ कॅरेट १५.५ च्या आसपास. तेव्हा नग चांदीचा आहे. पण स्टर्लिंग की ८०० ची चांदी, हे एवढ्या हलक्या नगावर सांगता येत नाही, कारण काट्याचा एक अंक इकडेतिकडे झाला की उत्तर १०.० ते १०.५ फिरते. १५ ग्रॅमच्या पुढे हाच प्रयोग चांगला भरवशाचा होतो.

चुका ठरावीक असतात. कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकला की घनता कमी येते, म्हणून पाण्यात साबणाच्या द्रावणाचा एक थेंब टाका आणि बुडवल्यावर नग हलवा. पोकळ नग, पोलादी टाचणी, खडे, मीना यांनीही उत्तर खाली येते. आणि काचेखाली चित्र असलेली बटणे, पाठ बंद असलेल्या कोंदणातले खडे किंवा जलरंगातली लघुचित्रे कधीही पाण्यात घालू नका. खड्याखाली चमकीचा पत्रा असतो. त्यात पाणी शिरले की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. याला उपाय नाही.

सोनाराकडचे एक्स-रे यंत्र वरचा अगदी पातळ थरच वाचते. जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचाच कस सांगेल. कडेवर, झिजलेल्या जागी आणि पाठीवर अशी तीन वाचने मागा.

झेपेलिनच्या किंवा काँकॉर्डच्या मूळ धातूचा नग आहे, हे तपासता येते का?

अर्धेच. ५ ऑगस्ट १९०८ ला जर्मनीत एक्टरडिंगेन इथे एलझेड-४ हे झेपेलिन जळाले. लोकांनी देणग्यांचा पाऊस पाडला, ६० लाख मार्कांच्या वर रक्कम जमली. अवशेषांतल्या ॲल्युमिनियमच्या स्मृतिवस्तू निघाल्या. नगाची घनता २.७ आली, तर तो ॲल्युमिनियमचा आहे एवढे सिद्ध होते. कुठले ॲल्युमिनियम, हे काटा सांगत नाही. काँकॉर्डचेही तेच. सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता, त्यामुळे ‘काँकॉर्डच्या पत्र्याचे’ कफलिंक जड लागले तर शंका घ्या. बाकी सगळी भिस्त सुट्या भागाच्या क्रमांकावर आणि विक्रीच्या कागदांवर. कागद नसतील तर साध्या कफलिंकचाच भाव द्या.

वैमानिकांच्या पंखांचे ब्रोच कसे ओळखावेत?

युद्धावर गेलेल्याची आठवण म्हणून पत्नी, प्रेयसी, आई हे ब्रोच घालत. चांदी, पितळ, शिंपला, कासवाचे कवच, तर कधी विमानाच्या खिडकीच्या पर्स्पेक्सचा (पारदर्शक प्लॅस्टिकचा) तुकडा. रॉयल एअर फोर्स १ एप्रिल १९१८ ला स्थापन झाले. त्याआधीच्या ब्रोचवर रॉयल फ्लाइंग कोअरची अक्षरे असतात. मग मुकुट पाहा. कमानी वर गोलाकार चढलेल्या असतील तर तो राजाचा मुकुट, १९०१ ते १९५२ चा, किंवा २०२२ नंतर राजा चार्ल्सच्या काळातला. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर राणी एलिझाबेथच्या काळातला, १९५३ पासूनचा. दबलेला मुकुट असलेला ब्रोच ‘दुसऱ्या महायुद्धातला’ म्हणून विकत असतील, तर सरळ परत करा.

सोन्याच्या सुरवंटाची पिन काय आहे?

पॅराशूटने जीव वाचलेल्यांची ही खूण. १९२२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कॅटरपिलर क्लबची. तेव्हा पॅराशूट रेशमाचे असे, म्हणून रेशमाचा किडा. पॅराशूट बनवणाऱ्या अर्विन कंपनीच्या पिनेच्या पाठीवर त्या माणसाचे नाव कोरलेले असते, आणि सगळी किंमत त्या नावात आहे. नाव नसलेल्या पिनेला फार मोजू नका. नाव असेल तर कोरीवकामाच्या खोबणीत भिंगाने पाहा : सगळीकडे धातू मळलेला आणि खोबणी मात्र लख्ख असेल, तर नाव अलीकडे कोरले आहे. नकला भरपूर आहेत. एखाद्याच्या जिवाची निशाणी असलेल्या नगाबाबत अशी फसवणूक आम्हाला विशेष वाईट वाटते, म्हणून इथे घाई न करण्याची कळकळीची विनंती.

स्वच्छ कसे करायचे?

शक्य तितके कमी. चिंच, लिंबू आणि टूथपेस्ट तिन्ही बाद. आम्लाने मुलामा आणि मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी जाते, पेस्टने कोरीव रेषा झिजतात. अठराव्या शतकातल्या बटणांवर पाऱ्याच्या पद्धतीचा मुलामा असतो. तो एकदा घासून गेला की गेला.

साध्या चांदीसाठी कोमट डिस्टिल्ड पाणी, सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. नंतर बिजागरीतले पाणी सुती कापडाने टिपून घ्या, नाहीतर पोलादी टाचणी गंजते. मीना असेल तर भिजवू नका, ओल्या कापसाच्या काडीने पुसा. अल्ट्रासोनिक यंत्रात मीना, मोती, शिंपला कधीच नाही : मीन्यात न दिसणारी चीर असली तर तिथून टवका उडतो. पर्स्पेक्सला स्पिरिट, अत्तर किंवा ॲसिटोन लागले की त्यात बारीक भेगांचे जाळे पडते.

सोनाराकडे दुरुस्तीला देताना काय सांगावे?

आधी धातू काय आहे ते. जुनी रेल्वे-पदके अनेकदा कथिलाच्या मिश्रधातूची असतात. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते, आणि चांदीचा डाग ६०० अंशांच्या बऱ्याच वर लागतो. ज्योत लागताच पदकाचा गोळा होतो. दुसरे म्हणजे जुना कथिलाचा डाग. चांदीच्या ब्रोचला कोणीतरी कथील-शिशाने टाचणी चिकटवलेली असते. तो डाग कणभरही शिल्लक ठेवून वर चांदीचा डाग दिला, तर तापल्यावर कथील-शिसे चांदीत शिरते आणि तिथे खड्डे पडतात. आधी सगळे खरवडून काढायला सांगा. मीन्याच्या जवळचे काम लेझर वेल्डिंगनेच करून घ्या.

मुलामा, उजाळा आणि ‘नव्यासारखा करून देतो’ याला नकार द्या, आणि तो पावतीवर लिहून घ्या.

कोकणपट्टीच्या दमट हवेत ठेवायचे कसे?

प्रत्येक नग वेगळ्या झिप पिशवीत, आत काळेपणा रोखणारा कागद आणि सिलिका जेलची पुडी. पावसाळ्याआधी आणि नंतर पुडी बदला. रबरबँड लावू नका. त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो.

परदेशातून मागवताना किंवा पाठवताना कायद्याची काय अडचण येते?

कासवाचे कवच आणि हस्तिदंत असलेले नग मागवूच नका, वस्तू कितीही जुनी असली तरी. दोन्हींच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडे बंदी आहे. उलट दिशेने, १०० वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तूत मोडते. ती खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाचीला आजीचा जुना ब्रोच कुरिअर करण्याआधी हे पाहा. वस्तू त्याहून नवी असेल, तर पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो.

रेल्वेच्या स्मृतिनाण्याला भोक पाडून लोलक केला तर चालेल?

नको. नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे नाणे अधिनियम, २०११ प्रमाणे गुन्हा आहे, आणि भोक पाडल्यावर संग्राहकांच्या लेखी नाण्याची किंमतही संपते. त्याच विषयाचा चांदीचा गोल नवा घडवून घ्या.

नवा ब्रोच घडवून घ्यायचा आहे. सोनाराला नेमके काय द्यावे?

खऱ्या मापाचे चित्र द्या, मोबाइलवरचा फोटो नव्हे. ३५ × २२ मिमीचा ब्रोच १ मिमी जाड चांदीच्या पत्र्यात साधारण ८ ग्रॅम भरतो, ०.८ मिमीमध्ये ६.४. रेशमी साडीवर लावायचा असेल तर ०.८ घ्या, जड ब्रोच पदर ओढतो. टाचणी वरच्या तिसऱ्या भागात बसवा. मध्यावर किंवा खाली बसवली तर ब्रोच पुढे झुकतो. पाठीकडून पाहताना बिजागरी उजवीकडे, पकड डावीकडे आणि तिचे तोंड खाली. टाचणीची तार ०.८ ते १ मिमी, ठोकून कडक केलेली, आणि त्यानंतर तिला ज्योत लागू देऊ नये, नाहीतर ती मऊ पडून वाकते.

मीना हवा असेल तर सगळे डाग आधी, चढ्या तापमानाच्या डागाने, मीना नंतर. लाल मीना चांदीवर थेट लावला की पिवळट-तपकिरी पडतो. खाली पारदर्शक थर मागा. हाताने कोरायची देवनागरी अक्षरे २ मिमीपेक्षा लहान नकोत, मात्रा आणि वेलांट्या भरून जातात. पाठीवर घटनेच्या तारखेबरोबर घडवल्याचे वर्षही कोरून घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला आणलेल्या पुस मॉथ विमानाचा ब्रोच घडवत असाल, तर नुसती तीच तारीख पन्नास वर्षांनी कोणाची तरी दिशाभूल करील.

नग ताब्यात घेताना वजन समोर करून घ्या, टाचणी वीसेक वेळा उघडबंद करून पाहा आणि पावतीवर धातूचे वजन, कस, घट आणि घडणावळ वेगवेगळे लिहून घ्या. सोन्याचा असेल तर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, कस आणि सहा अक्षरी एचयूआयडी (त्या नगाचा स्वतंत्र क्रमांक) भिंगाने वाचून तोच क्रमांक बीआयएसच्या ॲपवर तिथल्या तिथे तपासा.